फ्रीमाँट कोणत्या दिशेला आहे?



आज घरातील मुलांना एक प्रश्न विचारून पाहा. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात फ्रीमाँट नावाचे शहर आहे. तेथे सर्वांत जवळच्या वाटेने जायचे झाले, तर आपल्या अंगणातून कोणत्या दिशेला तोंड करून निघावे? बहुतेक मुले म्हणतील, पश्चिमेला; कारण वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या हाताला असते. आम्ही गेली वीस वर्षे शाळेत शिकवीत आहोत. मागच्या डिसेंबरपूर्वी कोणी विचारले असते, तर आम्हीही हेच उत्तर ठणकावून दिले असते. ते उत्तर चूक आहे, हे आम्हांला एका दहा वर्षांच्या मुलीने एक चेंडू आणि एक दोरा घेऊन चार मिनिटांत पटवून दिले. आजचा लेख त्या चार मिनिटांविषयी आहे.

आमची एक चुलतबहीण लग्नानंतर फ्रीमाँटला स्थायिक झाली. शाळेच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे राहावयास गेलो होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्वेला, डोंगर आणि खाजण यांच्या मधल्या सपाटीवर हे शहर पसरले आहे. सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावे १९५६ साली एकत्र आली, तेव्हा ते जन्मास आले. २०२० च्या जनगणनेत तेथील लोकवस्ती सुमारे २ लाख ३० हजार भरली. भारतीय वंशाची कुटुंबे तेथे इतकी आहेत, की बाजारात मराठी कानावर पडली तर कोणी वळून पाहत नाही. शहराला नाव मिळाले ते जॉन चार्ल्स फ्रीमाँट याचे. १८४० च्या दशकात त्याने अमेरिकेच्या पश्चिम भागात मोहिमा काढल्या. त्या मोहिमांतून नकाशे तयार झाले, आणि ते नकाशे हाती घेऊन हजारो वसाहतवाले पश्चिमेकडे निघाले. नकाशापाठोपाठ बंदुकाही आल्या, आणि मूळच्या रहिवाशांच्या हातून भूमी गेली. ज्याला जागा वाचता येते त्याच्या हाती जागा जाते, असे इतिहास सांगतो. म्हणून या विषयाला कोणी मुलांची करमणूक समजू नये.

बहिणीच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. मुले त्यांना काका म्हणतात, म्हणून आम्हीही काकाच म्हणू. त्यांचे शिक्षण सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात झाले. हे गाव फ्रीमाँटच्या दक्षिणेला मोटारीने पाचसहा तासांच्या वाटेवर आहे. तेथील भूगोलाचा विभाग जगात नावाजलेला. वॉल्डो टॉब्लर हे नकाशाशास्त्राचे मोठे पंडित तेथेच प्राध्यापक होते. जगात प्रत्येक गोष्टीचा प्रत्येक गोष्टीशी संबंध असतो, पण जवळच्या गोष्टींचा संबंध दूरच्या गोष्टींपेक्षा अधिक असतो, असा साधा वाटणारा सिद्धान्त त्यांनी १९७० साली मांडला. त्याला आज भूगोलाचा पहिला नियम म्हणतात. २००७ साली त्या विद्यापीठात जागेचा विचार सर्व शास्त्रांत कसा उपयोगी पडतो, हे पाहण्यासाठी एक केंद्र सुरू झाले. प्राध्यापक मायकल गुडचाइल्ड त्याचे प्रमुख होते.

या केंद्राची एक रीत काकांच्या मनात घर करून राहिली होती. तेथे अगदी छोट्या भाषणांचा कार्यक्रम भरत असे. वीज चमकावी तसे भाषण, मोजून तीनचार मिनिटांचे. आज बोलणारा भूगोलाचा, त्याच्या मागून मानसशास्त्राचा, मग संगणकवाला, मग समुद्राचा अभ्यास करणारा, मग एखादा कलावंत. एकमेकांचे विषय कोणालाच नीट कळत नाहीत, पण प्रत्येकाला आपले म्हणणे इतरांना कळेल असेच सांगावे लागते, कारण वेळच नसतो. सर्वांना बांधणारे सूत्र एकच : कोठे? ही वस्तू कोठे आहे, तिच्या शेजारी काय आहे, ती वळवली तर कशी दिसेल, येथून तेथे काय वाहते आणि मध्ये काय अडते? विद्वान याला अवकाशीय विचार म्हणतात. आम्ही साध्या मराठीत जागेची जाण म्हणतो.

काका म्हणाले, "विद्यापीठच कशाला हवे? आपण हे घरात करू." आणि एका शनिवारी संध्याकाळी बहिणीच्या दिवाणखान्यात पाच घरांची माणसे जमली. नियम तीन. चार मिनिटांहून जास्त बोलायचे नाही. हातात एकच वस्तू किंवा एकच चित्र असावे. बोलणे मराठीत व्हावे; शब्द अडला तर इंग्रजी चालेल, पण वाक्य मराठीच.

पहिला उभा राहिला बहिणीचा मुलगा. त्याने फरसबंदीच्या एका भेगेचे छायाचित्र आणले होते. फ्रीमाँट शहराच्या पोटातून हेवर्ड नावाचा प्रस्तरभंग, म्हणजे जमिनीतली खोल भेग, जाते. तिच्या दोन बाजू वर्षाला सुमारे ५ मिलिमीटर या वेगाने एकमेकींना घासून सरकत असतात. हे सरकणे एवढे हळू असते की पायाला कळत नाही. पण रस्त्याच्या कडेचा दगड, कुंपणाची भिंत यांना कळते. २१ ऑक्टोबर १८६८ रोजी याच भेगेवर मोठा भूकंप झाला आणि मिशन सॅन होजेचे जुने देऊळ, म्हणजे त्यांचे चर्च, कोसळले. फ्रीमाँटमध्येच रेल्वे स्थानकाजवळ टायसन्स लगून नावाचे तळे आहे. तेथे चर खणून शास्त्रज्ञांनी मातीचे थर वाचले आणि जुन्या भूकंपांच्या खुणा शोधल्या. शेवटच्या पाच मोठ्या भूकंपांमधले अंतर सरासरी १४० वर्षांच्या आसपास निघाले. मुलगा म्हणाला, "१८६८ मध्ये १४० मिळवा." सगळ्यांनी मनात बेरीज केली आणि खोली शांत झाली. त्या बेरजेवरून भूकंपाचा दिवस सांगता येत नाही, हे मुलालाही ठाऊक होते. पण कपाटे भिंतीला बांधून घ्यावीत एवढे त्यातून नक्की कळते.

मग बहिणीचे यजमान उठले. ते अभियंते आहेत. त्यांनी २०१७ साली सुरू झालेल्या वॉर्म स्प्रिंग्जच्या लोहमार्गाचा नकाशा दाखविला. तो मार्ग शहराच्या मोठ्या उद्यानातील एलिझाबेथ तळ्याच्या खालून भुयारातून जातो. वर मुले होड्या चालवितात, खाली गाडी धावते. वरून पाहताना एकाच रेघेवर असणाऱ्या दोन गोष्टी उभ्या छेदात वेगळ्या होतात, हे त्यांनी एका कागदाला घडी घालून दाखविले. आमच्या वर्गात 'उभा छेद' हा शब्द आम्ही कितीदा फळ्यावर लिहिला असेल. घडी घालण्याचे आम्हांला कधी सुचले नाही.

तिसऱ्या होत्या बहिणीच्या सासूबाई. त्या राजापूरकडच्या. "मला कसले भाषण येते?" असे म्हणत त्यांनी हातातील ओढणी जमिनीवर पसरली, तिचा एक काठ उचलून धरला आणि आपले गाव सांगितले. खाली समुद्राकडची ती खलाटी, वर घाटाकडची ती वलाटी. मध्ये कातळाचा सडा. सड्यावरचे पाणी पऱ्यातून खाली येते, पऱ्या खाडीला मिळतो, खाडीच्या काठी खाजण. वाडीतून वाडीत जायला पाखाडी, शेताच्या कडेने बांध. प्रत्येक शब्दाला ओढणीवर एक ठिकाण होते. चार मिनिटांत आम्हांला रत्नागिरीचा जो भूगोल कळला, तो आम्ही पूर्वी कोणत्याही पुस्तकातून शिकलो नव्हतो. आणि मन थोडे भरूनही आले. १८३४ नंतर आपले पूर्वज करार करून या बेटावर आले, ते बहुतांशी याच मुलखातले. हे शब्द त्यांच्या तोंडी असणारच. आपल्यापैकी किती जणांच्या तोंडी ते आज आहेत?

शेवटी आली ती दहा वर्षांची मुलगी. तिने चेंडूवर पेनाने दोन ठिपके काढले होते, एक मॉरिशसचा आणि एक फ्रीमाँटचा. आपले बेट पूर्व रेखांश साडेसत्तावन्नाच्या जवळ आहे, आणि फ्रीमाँट पश्चिम रेखांश १२२ वर. दोन्ही मिळवा. जवळजवळ १८० होतात. म्हणजे फ्रीमाँट पृथ्वीच्या बरोबर पाठीमागच्या रेषेवर आहे. म्हणूनच डिसेंबरात आमच्या घड्याळाचे काटे आम्हांला हलवावे लागले नव्हते. बारा तासांचा फरक, फक्त दिवसाची रात्र झाली होती. मुलीने दोन ठिपक्यांवर दोरा ताणून धरला. दोरा पश्चिमेला गेला नाही, पूर्वेलाही नाही. तो सरळ उत्तरेला गेला, उत्तर ध्रुवाजवळून पलीकडे उतरला आणि फ्रीमाँटला पोहोचला. सुमारे १८ हजार किलोमीटर. तेव्हा आम्हांला आठवले, की दुबईहून निघालेले आमचे विमान समोरच्या पडद्यावर वर वर बर्फाच्या प्रदेशाकडे चालले होते, आणि आम्ही मनात म्हणत होतो, हा वैमानिक आडवाटेने का जातो आहे? आडवाट वैमानिकाची नव्हती. भिंतीवरच्या सपाट नकाशाने आमची दिशाभूल केली होती.

भाषण संपवून मुलीने आम्हांला विचारले, "मावशी, तुमच्याकडे ध्रुव किती उंच दिसतो?" ती रोज अंगणात हात लांब करून मुठी मोजते. एक मूठ म्हणजे अदमासे १० अंश. फ्रीमाँटला ध्रुव क्षितिजापासून पावणेचार मुठींवर असतो. आजीच्या राजापूरला पावणेदोन मुठींच्या आत. "आणि तुमच्याकडे?" आम्ही गप्प झालो. मग आमच्या लक्षात आले, की विषुववृत्ताच्या दक्षिणेला २० अंशांवर राहणाऱ्या आपल्याला ध्रुव दिसतच नाही. तो कायम क्षितिजाखाली असतो. आपल्या विवाहविधीत नवरानवरीला ध्रुव दाखवावयाचा असतो. आपले पूर्वज या बेटावर उतरले आणि तो तारा त्यांच्या आकाशातून गेला, ही गोष्ट आम्ही कधी मनातही आणली नव्हती. अरुंधती मात्र वर्षातील काही महिने आपल्याला उत्तरेकडे, क्षितिजाजवळ खाली दिसू शकते. दुपारच्या सूर्याचेही तसेच. रत्नागिरीत वर्षातील बहुतेक महिने तो दक्षिणेकडे कललेला असतो, आपल्याकडे बहुतेक महिने उत्तरेकडे. आमच्या आजोबापणजोबांनी पहिल्या वर्षी शेतात उभे राहून आपलीच सावली उलटी पडलेली पाहिली असेल. त्यांनी त्याविषयी एकमेकांत काय बोलणे केले असेल, ते ऐकायला आपण कोणी नव्हतो.

आता या कौतुकाच्या गोष्टीतून आम्हांला काय म्हणावयाचे आहे, ते सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की जागेची जाण ही जन्मतःच मिळालेली देणगी आहे, असे आपण समजतो. "अमक्याला नकाशा कळतो, तमकीला कळत नाही" असे म्हणून मोकळे होतो. "मुलींना नकाशा जमत नाही" हे वाक्य आम्ही शिक्षकांच्या खोलीत अनेकदा ऐकले आहे, आणि खरे सांगायचे तर एकदा आम्ही स्वतःही बोललो आहोत. ज्या विद्यार्थिनीसमोर बोललो, ती नंतर फळ्याजवळ यायला कचरू लागली. हा दोष आमचा होता, तिचा नव्हे.

शास्त्र काय सांगते ते पाहा. फ्रीमाँटहून खाडीवरचा डंबार्टन पूल ओलांडला की थोड्या अंतरावर स्टॅनफर्ड विद्यापीठ लागते. तेथील प्राध्यापक रॉजर शेपर्ड यांनी १९७१ साली आपल्या सहकाऱ्यासह एक प्रयोग प्रसिद्ध केला. ठोकळ्यांच्या दोन आकृत्या दाखवून, त्या एकच आहेत की वेगळ्या, असे विचारले. आकृती जितकी अधिक अंशांत वळवलेली, तितका उत्तराला वेळ अधिक लागला. म्हणजे माणूस मनातल्या मनात वस्तू खरोखरच फिरवून पाहतो. मनातले हे फिरवणे सरावाने सुधारते काय? २०१३ साली डेव्हिड उटाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१७ अभ्यास एकत्र तपासले आणि होकारार्थी उत्तर दिले : ही जाण शिकवता येते आणि शिकवलेले टिकते. शेरिल सॉर्बी या अभियांत्रिकीच्या प्राध्यापिकेला स्वतःला विद्यार्थिदशेत आकृत्यांचा विषय जड गेला होता. पुढे त्यांनी १९९० च्या दशकात मिशिगनमध्ये कच्च्या विद्यार्थ्यांसाठी सरावाचा वर्ग काढला. तेथे शिकलेली मुले आणि विशेषतः मुली अभियांत्रिकीत टिकू लागल्या. आपल्या घरांतील ज्या आयाआज्या ठिपके मांडून रांगोळी काढतात, त्यांच्याकडे ही जाण नाही असे कोण म्हणेल? रांगोळीच्या एका चतकोरात काढलेली रेघ उरलेल्या तीन चतकोरांत वळवून काढणे, हा शेपर्ड यांचाच प्रयोग होय. त्याला आपण गणित म्हणत नाही, एवढेच.

दुसरी गोष्ट, ही भाषणे छोटी आणि निरनिराळ्या धंद्यांतील माणसांची का असावीत? यासाठी हेवर्ड गावची एक खरी हकीकत सांगतो. हे गाव फ्रीमाँटच्या उत्तरेला, त्याच भेगेवर. तेथील एका चौकात पदपथाच्या कडेचा दगड वर्षानुवर्षे हळूहळू तुटून सरकत होता. १९७० च्या दशकापासून भूगर्भशास्त्रज्ञ त्याची छायाचित्रे घेत. जमीन कशी सरकते हे दाखवायला त्यापरते सोपे उदाहरण नव्हते. २०१६ साली नगरपालिकेच्या कामगारांनी तो कोपरा खणला आणि चाकांच्या खुर्चीतून जाणाऱ्यांसाठी नीट उतार बांधला. काम चांगलेच होते. पण तो दगड शास्त्रज्ञांच्या लेखी मोलाचा आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. चाळीस वर्षे एकाच कोपऱ्याकडे दोन प्रकारची माणसे पाहत होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती. चार मिनिटांचे एक भाषण झाले असते, तर उतारही झाला असता आणि दगडही जपून ठेवता आला असता.

दगड गेला तर फार बिघडत नाही. पण आपल्याकडे काय झाले ते आठवा. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईत थोड्याच वेळात धो धो पाऊस पडला. डोंगरावरचे पाणी शहरात उतरले, पादचाऱ्यांच्या भुयारी मार्गात आणि तळघरातील वाहनतळात शिरले. ११ माणसे गेली. डोंगर कोठे, नाला कोठे, सखल भाग कोठे, भुयार कोठे, हे सारे कोणाला ना कोणाला ठाऊक होते. नाल्याकाठी वाढलेल्या म्हाताऱ्याला पाण्याची वाट ठाऊक, अभियंत्याला गटाराचे माप ठाऊक, बसचालकाला कोठला रस्ता आधी बुडतो ते ठाऊक, दुकानदाराला भुयारात किती गर्दी असते ते ठाऊक. पण हे सारे एका कागदावर आलेले नव्हते. २०१७ साली पाण्याच्या निचऱ्यासाठी वेगळे प्राधिकरण स्थापन झाले, हे ठीकच. पण सरकारी कागद घरात पोहोचत नाही. पाणी येईल तेव्हा कोणत्या वाटेने वर चढावयाचे, हे मुलाला घरातून आणि शाळेतूनच कळले पाहिजे.

आपल्या बेटाच्या नावांतच केवढा भूगोल भरला आहे! कात्र बोर्न म्हणजे चार सीमादगड. त्रू दो दूस म्हणजे गोड्या पाण्याचा खड्डा. वाक्वा हे नाव केवड्याच्या जातीच्या झाडावरून पडले. मुले ही नावे रोज बसच्या पाटीवर वाचतात आणि त्यांचा अर्थ विचारीत नाहीत, कारण आपण तो सांगत नाही. या बेटाचे नकाशे काढणारा एक थोर माणूस होऊन गेला, लिस्ले जोफ्रुआ. त्याची आई गिनीहून आणलेली गुलाम स्त्री. तो स्वतःच्या हिमतीवर शिकला, मोजणी शिकला, आणि १७८६ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला आपला पत्रव्यवहारी सभासद केले. गुलाम आईच्या मुलाने ज्या भूमीचा नकाशा काढला, त्या भूमीवर करारबद्ध मजुरांची नातवंडेपणतवंडे शिकतात. त्यांनी नकाशाला घाबरावे, हे शोभत नाही.

काही वाचक म्हणतील, मराठीच्या तासाला भूगोल कशाला? अगोदरच वेळ थोडा, मुले थोडी. आमचे उत्तर असे, की मराठीचा तास केवळ व्याकरणाचा आणि सणांच्या निबंधाचा राहिला, म्हणूनच मुलांना तो परीक्षेपुरता वाटू लागला. भाषा जगते ती वापरात. 'वर, खाली, पलीकडे, अलीकडे, आडवे, उभे, कडेने, मधोमध, वळसा घालून' हे शब्द मुलाला तोंडपाठ करून येत नाहीत. वाट सांगताना येतात. आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य, ईशान्य ही नावे आम्ही वर्गात घोकून घेतली आणि मुले विसरली. पण आपल्या अंगावर येणारा नेहमीचा वारा आग्नेयेकडून येतो, हे एकदा समुद्राकाठी उभे राहून दाखविले, तर आग्नेय जन्मभर विसरणार नाही. प्रशिक्षण घेताना आम्हांला नकाशा रंगवून घ्यावयास शिकविले होते. आम्हीही वीस वर्षे तेच करून घेतले. समुद्राला निळा, जमिनीला हिरवा. मुले सुंदर रंगवीत आणि आपले घर त्यात कोठे, ते त्यांना सांगता येत नसे.

दुसरा आक्षेप असा येईल, की चार मिनिटांत काय डोंबल सांगणार? खोल विचाराला वेळ लागतो. हे खरे आहे, आणि दोरा ताणणाऱ्या त्या मुलीने त्यासाठी चार दिवस तयारी केली होती, हेही खरे आहे. छोटे भाषण म्हणजे छोटा अभ्यास नव्हे. उलट आपल्या सभांत काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. पाहुणे दीड तास बोलतात, पुढच्या रांगेतील वडील मंडळी डुलक्या घेतात, मागची मुले फोनमध्ये डोके घालतात, आणि शेवटी आभार मानून आपण जेवायला उठतो. त्या दीड तासात कोळी, परिचारिका, बसचालक, मोजणीदार, भाजीवाली, आजी आणि दोन विद्यार्थी एवढी माणसे बोलू शकली असती. त्यांतील प्रत्येकाला आपल्या बेटाविषयी असे काही ठाऊक आहे, जे पाहुण्यांना ठाऊक नाही.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. येत्या गणेशोत्सवात प्रत्येक गावच्या मराठी मंडळाने एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी. दहा वक्ते, प्रत्येकाला पाच मिनिटे. विषय एकच : आपले गाव आणि त्यातील एक जागा. प्रत्येकाने एकच चित्र किंवा एकच वस्तू आणावी. बोलणे मराठीत, शब्द अडला तर क्रिओल चालेल. निम्मे वक्ते मुली आणि स्त्रिया असाव्यात. भाषणे संपली की भिंतीवर मोठा पांढरा कागद लावावा आणि जे जे ऐकले ते सर्वांनी मिळून त्यावर काढावे : जुना ओहोळ, बुजलेली विहीर, पाणी साचण्याची जागा, वादळात आसरा मिळणारे पक्के घर, आजोबांच्या वेळची पायवाट. तो कागद गणपतीबरोबर विसर्जित करू नये. मंडळात ठेवावा आणि पुढच्या वर्षी त्यात भर घालावी. याला पैसा लागत नाही, विद्यापीठ लागत नाही, सरकारी परवानगी लागत नाही.

फ्रीमाँटहून परतताना विमान पुन्हा त्याच बर्फाच्या प्रदेशाकडे निघाले. या वेळी आम्ही वैमानिकाला मनात दोष दिला नाही. शाळा उघडली त्या पहिल्या दिवशी आम्ही वर्गात एक चेंडू आणि दोरा घेऊन गेलो. फ्रीमाँट कोणत्या दिशेला, असे विचारले. सगळा वर्ग ओरडला, "पश्चिमेला!" आम्ही दोरा त्या विद्यार्थिनीच्या धाकट्या बहिणीच्या हाती दिला, जिच्यासमोर आम्ही एकदा नको ते बोललो होतो. तिने दोरा ताणला, क्षणभर थांबली, चेंडू फिरवून पुन्हा पाहिला आणि म्हणाली, "सर्वांचे चुकले."

आपणही घरी चेंडू आणि दोरा घ्या. आणि दोरा मुलांच्या हाती द्या.